कोळसा कुठला चांगला?

आमचा कोळशाचा धंदा वडिलांपासूनचा. उर्से गावात घर, घराला लागून गोदाम. जुन्या हायवेवरचे ढाबे, तळेगावातले इस्त्रीवाले, लोणावळ्याला टायगर पॉइंटवर कणसं भाजणाऱ्या बाया, ही आमची बांधलेली गिऱ्हाइकं. पवना धरणाच्या काठी तंबू लागायला लागले तेव्हापासून एक नवं गिऱ्हाईक आलं. शनिवारी दुपारनंतर गाडी थांबते, विशी-बाविशीतली मुलं उतरतात आणि विचारतात, "काका, हुक्क्याला कुठला कोळसा चांगला? करवंटीचा नॅचरल असतो, त्याने त्रास होत नाही ना?"

हुक्क्याचं सामान मी ठेवत नाही. करवंटीचा कोळसा ठेवतो, तो बार्बेक्यूवाले नेतात. पण विचारणाऱ्याला पूर्ण उत्तर द्यायचं, ही वडिलांची शिकवण. ते उत्तर गाडीच्या घाईत देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

लाकूड हवेवाचून भाजलं की कोळसा होतो. ओंडके रचायचे, वरून पालापाचोळा आणि ओली माती लिंपायची, बुडाशी हवेपुरती भोकं ठेवायची आणि आत विस्तव सोडायचा. आधी पांढरा दाट धूर निघतो, ते लाकडातलं पाणी. धूर पातळ, निळसर झाला की भोकं बुजवायची. घाई केली तर लाकूड आत कच्चं राहतं, उशीर केला तर हाती राख लागते. पाच किलो सुक्या लाकडातून किलोभर कोळसा निघाला तर भट्टी चांगली लागली म्हणायचं. आमच्या मावळात आणि खाली रायगडात हे काम पिढ्यान् पिढ्या कातकऱ्यांनी केलं. आधी खैराचा कात काढणारी ही माणसं. पुढे मुंबईच्या चुलींसाठी कोळसा पाडू लागली. आजही कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर मुलाबाळांसह परमुलखातल्या भट्ट्यांवर जातात, बरीचशी मुकादमाच्या उचलीत अडकलेली. रात्रभर भट्टीवर नजर ठेवणाऱ्या माणसाच्या छातीत किती धूर जातो, हे पोतं उचलणाऱ्याने एकदा तरी मनात आणावं असं मला फार वाटतं.

कोळसा पारखायचा कानाने. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की चांगला कोळसा काचेसारखा खणखणतो. कच्चा बद्द वाजतो, मोडल्यावर आत तपकिरी दिसतो, पेटवला की धुरकटतो आणि डोळ्यांना झोंबतो. बाभळीचा कोळसा जड आणि टिकाऊ, तंदूरला तोच हवा. हलक्या लाकडाचा चटकन पेटतो, पण तेवढ्याच लवकर विझतो. हुक्क्याला मात्र लाकडी कोळसा कुठलाच नीट चालत नाही. तुकडे वेडेवाकडे, कुठे जास्त आच कुठे कमी. शिवाय आत ओल किंवा साल राहिली असेल तर तो तडतडतो आणि ठिणगी थेट गादीवर उडते.

म्हणून करवंटी. नारळाची करवंटी लाकडापेक्षा घट्ट, तिचा कोळसाही तसाच. याच कोळशावर वाफेची प्रक्रिया करून पाण्याच्या फिल्टरमधला सक्रिय कार्बन बनवतात. हुक्क्यासाठी करवंटीचा कोळसा दळतात, कंदाच्या स्टार्चमध्ये मळतात, दाबून चौकोनी वड्या पाडतात आणि वाळवतात. २५ मिलिमीटरची वडी असेल तर किलोत साधारण ७२ बसतात. या मालाचं मोठं घर इंडोनेशिया. आपल्याकडे केरळ-तामिळनाडूत करवंटीचा कोळसा भरपूर होतो. वडी काडीने पेटत नाही. गॅसवर किंवा कॉइलवर आठ-दहा मिनिटं उलटसुलट करावी लागते. पण एकदा लाल झाली की तासभर एकसारखी आच देते, राख थोडी आणि वास जवळजवळ नाहीच. जळण म्हणून विचाराल तर सगळ्यांत उजवी.

तिसरी झटपट टिकली. गोल, मधे खळगा, चांदीच्या कागदात दहा-दहाच्या नळीत येते. लोबान-धूप जाळायला हीच वापरतात. कोळशाच्या भुकटीत सोरा मिसळलेला असतो. फटाक्याच्या दारूतही हाच सोरा असतो. तो स्वतःच प्राणवायू पुरवतो, त्यामुळे एका काडीवर टिकलीच्या कडेने ठिणग्या पळत जातात. सुरुवातीचा धूर उग्र असतो. तो ओसरू न देता ओढणाऱ्याच्या तोंडात कडवट चव राहते. अर्ध्या-पाऊण तासात टिकली ढासळते, राखही भरपूर. बांबूच्या, भुशाच्या वड्याही मिळतात. त्या या दोघांच्या मधे कुठेतरी.

ही तुलना नवी नाही. इ.स. १६०४ च्या सुमाराला अकबराचा माणूस असद बेग विजापूरहून तंबाखू आणि जडावाची नळी घेऊन उत्तरेत गेला, म्हणजे मोगल दरबाराला तंबाखू दाखवली ती आपल्या दख्खनने. पुढे गुडगुडीसाठी कोळशाच्या भुकटीत पेज किंवा गूळ घालून गोळ्या वळायची पद्धत पडली. आजची वडी त्याच जातीची. त्याही काळात शोध होता तो बिनवासाच्या, बिनधुराच्या विस्तवाचा.

मला सांगायचं आहे ते इथेच. कोळसा जितका उत्तम, तितका धूर कमी, वास कमी. आणि धूर-वास नाही म्हणजे धोका नाही, असं माणसाला वाटतं. पण लाल झालेला कोळसा कुठल्याही झाडाचा असो, त्याला पुरेशी हवा मिळत नाही तिथे कार्बन मोनॉक्साइड होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कच्चा, धुरकट कोळसा निदान खोकला आणून माणसाला बाहेर काढतो. उत्तम कोळसा तशी सूचना देत नाही.

हुक्क्यात तंबाखू जळत नाही, वरच्या कोळशाच्या आचेने ती शिजते. ओढणारा कोळशावरूनच हवा खेचतो. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये कोळशाचा वाटा वेगळा काढून मोजला. कोळशाच्या जागी विजेची आच दिली आणि दोन्ही धूर तपासले. हुक्क्याच्या धुरातला सुमारे ९० टक्के कार्बन मोनॉक्साइड कोळशाचा निघाला. कर्करोगाशी जोडलेलं बेंझोपायरीनही बहुतांशी कोळशाचंच. म्हणजे ‘हर्बल आहे, तंबाखू नाही’ म्हणून कोळसा निर्दोष होत नाही. पाणी धूर गार करतं, पण हा वायू पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. बैठकीनंतर डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. मुलं म्हणतात ‘चढला’. त्यात या विषाचा वाटा असू शकतो.

ठिणगीचं मोल मुंबईने फार जबर दिलं आहे. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, १४ माणसं गेली. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या कोळशाच्या उडत्या ठिणग्या हे संभाव्य कारण सांगितलं गेलं. २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लर चालवायला बंदी घातली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चेंबूरच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं की उपाहारगृहाच्या परवान्यात हुक्का बसत नाही, हर्बल असला तरी. पार्लरं बंद झाली तसा हुक्का भाड्याच्या बंगल्यात आणि तंबूत शिरला, आणि तिथे दारावर विचारणारं कोणी नसतं.

म्हणून दारात आलेल्या मुलांना मी कोळशाची जात नंतर सांगतो, आधी विचारतो तंबू कसला. मावळचा पाऊस आडवा येतो. कणसं भाजून झाली, गारठा वाढला की शेगडी आत घ्यायचा मोह होतो आणि चेन ओढून सगळे झोपतात. हुक्का असो, बार्बेक्यू असो की शेकायची पाटी, निखारा छताखाली येता कामा नये. उघड्या गाडीच्या डिकीशीसुद्धा नको. एकाच तंबूतल्या दोघातिघांचं डोकं एकदम दुखू लागलं तर ते अपचन किंवा जागरण समजू नये. सगळ्यांना उघड्यावर आणावं, १०८ ला फोन करावा आणि कोळसा पेटलेला होता हे आधी सांगावं. कोविडपासून घरोघरी असलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, माणूस कोसळत असताना तो ९८ दाखवू शकतो. दवाखान्यात शुद्ध प्राणवायू देतात, तोच उपाय.

निघताना निखारे पाण्यात बुडवावेत. राखेखाली करवंटीची वडी बराच वेळ जिवंत राहते, आणि फेब्रुवारीपासून आमच्या डोंगरांवरचं गवत वाळलेलं असतं. करवंटीचं पोतं देताना मी निखारे बुडवायला एक जुना पत्र्याचा डबाही देतो. पैसे घेत नाही.