देवांची दिवाळी काशीत, त्रिपुराची वात आपल्या घरात

दिवाळी संपते, फराळाचे डबे रिकामे होतात, आकाशकंदील मात्र अनेक घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच राहतो. आणि मग एक दिवस आजी म्हणते, "उद्या त्रिपुरारी पौर्णिमा. संध्याकाळी देवळात त्रिपूर लावायला जायचंय." तुमच्याही घरी असंच होतं ना?

त्याच संध्याकाळी काशीत गंगेचे घाट दिव्यांनी भरून जातात. अस्सी घाटापासून राजघाटापर्यंत पायऱ्यापायऱ्यांवर लाखो पणत्या लागतात. तिथे या सणाला 'देव दीपावली' म्हणतात. नाव वेगळं असलं, तरी दोन्हीमागची गोष्ट एकच आहे.

तीन नगरं आणि एक बाण

तारकासुराला तीन मुलं होती: तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली. त्यांनी मोठं तप करून ब्रह्मदेवाकडे अमरत्व मागितलं. ते मिळणार नाही असं कळल्यावर त्यांनी शक्कल लढवली. आम्हाला तीन फिरती नगरं हवीत, हजार वर्षांतून एकदाच ती एका रेषेत येतील आणि त्याच क्षणी एकाच बाणाने जो ती तिन्ही भेदेल, त्याच्याच हातून आमचा अंत व्हावा!

मयासुराने सोन्याचं, चांदीचं आणि लोखंडाचं अशी तीन नगरं बांधून दिली. तिन्ही लोकांत त्रास वाढला, तेव्हा देव महादेवाकडे गेले. पुढचा भाग मुलांना जरूर सांगा. महादेव निघाले खरे, पण एकटे नाही. पृथ्वीचा रथ झाला, सूर्य-चंद्र त्याची चाकं झाली, ब्रह्मदेव सारथी झाले. मेरू पर्वताचं धनुष्य, वासुकीची दोरी आणि बाण म्हणून स्वतः विष्णू. बाण एकच होता, पण त्यामागे सगळ्यांचं बळ होतं. तिन्ही पुरं जळाली आणि महादेव 'त्रिपुरारी' झाले. त्या आनंदात देव काशीत उतरले आणि त्यांनी गंगेकाठी दिवे लावले, अशी श्रद्धा आहे.

घाटावरची मराठी खूण

काशीला गेलात तर पंचगंगा घाटावर जरूर थांबा. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्यांचा संगम इथे मानतात. डोळ्यांना दिसते ती फक्त गंगा. कार्तिक महिनाभर इथे उंच बांबूंवर टोपल्यांत आकाशदीप टांगतात, पितरांची वाट उजळावी म्हणून. इथेच दगडी 'हजारा' दीपस्तंभ आहे. तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला, असं सांगतात. १७८० मध्ये विश्वनाथाचं मंदिर पुन्हा बांधणाऱ्या त्याच अहिल्याबाई.

या पौर्णिमेशी आपलं आणखी एक नातं आहे. एकनाथ महाराजांनी 'एकनाथी भागवत' पैठणला सुरू केलं आणि काशीत पूर्ण केलं. तो दिवस होता शके १४९५, म्हणजे १५७३ सालची कार्तिक पौर्णिमा!

पुन्हा लागलेले दिवे

आज दिसणारा हा झगमगाट मात्र फार जुना नाही. १९८० च्या दशकात पंचगंगा आणि आसपासच्या मोजक्या घाटांवर स्थानिक लोकांनी पुढाकार घेऊन दिवे लावायला सुरुवात केली. मग शेजारचे घाट जोडले गेले. एकेका मोहल्ल्याने आपापल्या पायऱ्या सांभाळल्या आणि सगळा काठ उजळला. गोष्टीतल्या रथासारखंच झालं हे. प्रत्येकाने आपला वाटा दिला.

आता आपल्या घराकडे या. त्रिपुराच्या साडेसातशे वाती म्हणजे थोडंथोडकं काम नाही. आजी कापूस निवडते, सरकी काढते आणि दुपारभर वाती वळत बसते. हल्ली तयार पाकीट मिळतं. वेळ नसेल तर ते आणण्यात काहीच गैर नाही. पण वात वळायची ती बोटांची सवय पाकिटातून मिळत नाही. आजीच्या शेजारी कोणी बसलंच नाही, तर ती तिच्याबरोबरच संपेल.

म्हणून यंदा पौर्णिमेच्या आधी एक दुपार मोकळी ठेवा. फोन बाजूला ठेवून आजीजवळ बसा. पहिल्या दहा वाती वाकड्याच होतील, होऊ देत! त्या वळता वळता तिला त्रिपुरासुराची गोष्ट विचारा. संध्याकाळी देवळाच्या दीपमाळेपाशी त्रिपूर लावताना तुमची वाकडी वातही इतरांइतकीच उजेड देईल.