वांग, लिंबू आणि सहाणेवरचं जायफळ

गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग उमटले की कुणीतरी सांगतंच, ‘लिव्हर तपासून घे.’ वांगाचा यकृताशी संबंध नाही, ‘रक्त खराब’ होण्याशीही नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तेवढ्या भागात जास्त मेलॅनिन तयार करू लागतात. त्यांना चेतवतात ऊन, गरोदरपण किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे बदललेली संप्रेरकं आणि आनुवंशिकता. गरोदरपणातले डाग बाळंतपणानंतर काही महिन्यांत अनेकींचे आपोआप फिके होतात. श्रेय मात्र त्या दिवसांत लावलेल्या लेपाला मिळतं.

‘लिंबू नैसर्गिक आहे, त्यानं काय होणार?’ बरंच काही. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३, त्वचेचा ५ च्या आसपास. शिवाय लिंबूवर्गीय फळांतली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि नवे काळे डाग पडतात. सहाणेवर उगाळलेलं जायफळ तर घरोघरचं. पण ते झोंबू शकतं, आणि लेप चोळून चोळून काढला की त्वचा सोलवटते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशी दाहाची जागा बरी होताना काळी पडते. डाग घालवायला केलेली घासाघीस डागच गडद करते. आईनं, आजीनं मायेनं सांगितलेला उपाय सोडणं जिवावर येतं, हे खरं; तरी चेहरा चुरचुरू लागला तर ‘औषध लागू पडतंय’ असं समजू नका. लगेच धुऊन टाका.

याहून मोठा धोका मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ट्यूबचा, शेजारणीला ‘सूट झालेल्या’. अशा अनेक मलमांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत स्टेरॉइड असतं. डॉक्टर ते मोजक्या आठवड्यांपुरतं देतात. महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ आणि लाल होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. थांबवलं की आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली, ती यासाठीच. बरेच दिवस लावत असाल, तर स्वतःच्या मनानं बंद करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

‘मी तर घरातच असते, सनस्क्रीन कशाला?’ अतिनील किरणांतले यूव्हीए खिडकीच्या काचेतून आत येतात, ढगांतूनही. साधा दृश्य प्रकाशसुद्धा वांग गडद करतो; म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन अधिक उपयोगी. एसपीएफ किमान ३०, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांब काढलेल्या रेघांएवढं, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. जोडीला छत्री, ओढणी आणि सौम्य फेसवॉश. वांगावर घरच्या घरी करण्यासारखा खरा उपाय हाच.

फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि उन्हाळ्यात डाग पुन्हा डोकं वर काढू शकतात. त्यामुळे ‘आठ दिवसांत वांग कायमचा घालवतो’ असं सांगणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका.