उसातले टू-फोर-डी आणि व्हिएतनामचे सैनिक

सोलापूर जिल्ह्यात खुरपणीला माणूस मिळेनासा झाला, तशी तणनाशकाची बाटली उसाच्या फडात शिरली. चांदवेल, गाजरगवत अशा रुंद पानांच्या तणांवर सर्रास मारले जाणारे एक औषध शेतकरी ‘टू-फोर-डी’ या नावाने ओळखतात. अमेरिकेने व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये निम्मा वाटा याच रसायनाचा होता.

हे वाचून कुणी उसात पाय ठेवायला घाबरू नये. दोन्ही फवारण्यांत मोठा फरक आहे आणि तो पुढे येईलच. पण त्या युद्धातल्या सैनिकांच्या आजारांचा शोध चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला, आणि तो कुठे अडखळला हे आपल्याकडे पाठीवर पंप घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे.

पिंपावरचा पट्टा

१९६२ च्या जानेवारीत अमेरिकी हवाई दलाने दक्षिण व्हिएतनाममध्ये ‘ऑपरेशन रँच हँड’ सुरू केले आणि ते १९७१ च्या जानेवारीपर्यंत चालले. शत्रूला लपायला झाडी उरू नये आणि खायला भात उरू नये, हे दोन हेतू. सी-१२३ जातीच्या विमानांतून सात कोटी लिटरहून अधिक तणनाशक फवारले गेले. पिंपांवर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे असत आणि त्यांवरूनच मिश्रणांना नावे पडली. सर्वांत जास्त वापर नारिंगी पट्ट्याच्या मिश्रणाचा झाला. निळ्या पट्ट्याच्या पिंपात आर्सेनिकचे संयुग होते आणि ते मुख्यतः भातपिकावर मारले जाई.

नारिंगी पिंपात दोन रसायने समसमान होती, २,४-डी आणि २,४,५-टी. दोन्ही वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. रुंद पानांची झाडे वेडीवाकडी वाढून मरतात, तर ऊस, ज्वारी, गहू यांसारखी गवतवर्गातली पिके ते सोसतात.

विष नेमके कशात होते

२,४,५-टी तयार करताना तापमान हाताबाहेर गेले की टीसीडीडी नावाचे डायऑक्सिन तयार होते. ते कुणी मुद्दाम घातलेले नव्हते, उत्पादनातली अशुद्धी म्हणून ते प्रत्येक पिंपात कमीअधिक उतरले. चरबीत साठणारे, वर्षानुवर्षे शरीरात राहणारे हे द्रव्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ते माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. २,४,५-टी मुळे उंदरांच्या पिल्लांत जन्मजात व्यंगे आढळल्याचे १९६९ मध्ये बाहेर आले आणि पुढच्याच वर्षी एजंट ऑरेंजचा लष्करी वापर थांबवावा लागला.

भारताने २,४,५-टी ला नोंदणीच नाकारली. त्यामुळे आपल्या उसात एजंट ऑरेंज मारले जाते, असे म्हणणे खोटे ठरेल. मात्र २,४-डी निर्दोष आहे असाही निर्वाळा कुणी दिलेला नाही. त्याच संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘कर्करोग घडवण्याची शक्यता असलेले’ या गटात ठेवले. केंद्र सरकारच्या मे २०२० च्या मसुद्यात ज्या २७ कीडनाशकांवर बंदी सुचवली होती, त्यांतही ते होते. २०२३ च्या अंतिम आदेशात ते बंदीतून सुटले.

कुणाच्या अंगात किती गेले?

परतलेल्या सैनिकांना कर्करोग होऊ लागले, काहींच्या मुलांत व्यंगे दिसली. १९७८ मध्ये पॉल रॉयटरशान या माजी सैनिकाने रसायन कंपन्यांविरुद्ध दावा लावला आणि त्याच वर्षी तो कर्करोगाने गेला. कंपन्यांनी १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरवर तडजोड केली, पण दोष कबूल केला नाही. न्यायालयात जे ठरले नाही ते शास्त्राने ठरवावे, अशी अपेक्षा होती.

पहिला मार्ग सरळ होता. ज्यांनी विमानातून फवारले त्यांनाच तपासा. हवाई दलाने १९८२ मध्ये रँच हँडच्या सुमारे बाराशे जणांचा अभ्यास सुरू केला. तुलनेसाठी त्याच काळात आग्नेय आशियात विमानांवर असलेले, पण फवारणीत नसलेले सैनिक घेतले. वीस वर्षे ठरावीक अंतराने तपासण्या झाल्या, रक्त साठवून ठेवले गेले. रक्तातले डायऑक्सिन जास्त असलेल्यांत मधुमेहाचे प्रमाण अधिक दिसले, आणि हा या अभ्यासाचा सर्वांत लक्षात राहणारा निष्कर्ष. पण बाराशे माणसांत दुर्मीळ कर्करोग शोधता येत नाहीत. लाखात दोन-चार जणांना होणारा आजार दुप्पट झाला तरी एवढ्या लहान गटात एखादाही रुग्ण न सापडणे सहज शक्य असते. ‘काही आढळले नाही’ हे वाक्य वाचताना किती माणसांत शोधले, हे आधी पाहावे लागते.

जमिनीवर लढलेल्या लाखो जवानांचे कोडे याहून अवघड होते. विमानांच्या फेऱ्यांची नोंद होती, तारीख, मार्ग, किती लिटर, सगळे. तुकड्यांच्या मुक्कामाच्याही नोंदी होत्या. दोन्ही जुळवून कोण फवाऱ्याखाली आला ते काढायचे, असा बेत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आखला. त्याआधी पडताळा म्हणून व्हिएतनाममध्ये राहिलेल्या ६४६ आणि तिथे न गेलेल्या ९७ जणांचे रक्त तपासले. दोन्ही गटांत डायऑक्सिनची सरासरी जवळपास सारखीच निघाली. नोंदींवरून माणूस ओळखता येत नाही, असे म्हणून केंद्राने मोठा अभ्यासच गुंडाळला.

माझ्या मते ती घाई होती. शरीरातले डायऑक्सिन निम्मे व्हायला सात-आठ वर्षे लागतात. रक्त घेतले गेले १९८७ च्या सुमारास, म्हणजे फवारणीच्या ऐन काळानंतर सुमारे अठरा वर्षांनी. तोवर मूळ प्रमाणाचा पाचवा हिस्साच काय तो उरलेला. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या जीन स्टेलमन यांनी त्याच उड्डाणनोंदी पुन्हा तपासल्या, त्यांतल्या चुका काढल्या आणि नकाशावर मांडून दाखवले की त्यांतून संपर्काचा अंदाज बांधता येतो. २००३ मध्ये त्यांचे काम ‘नेचर’मध्ये आले. ज्या नोंदी निरुपयोगी म्हणून बाजूला पडल्या होत्या, त्याच उपयोगी ठरल्या.

पुरावा कुणी द्यायचा

सैनिक म्हातारे होत होते आणि शास्त्र आपल्या गतीने चालले होते. म्हणून १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने सिद्ध करण्याचे ओझे हलवले. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात जो व्हिएतनामच्या भूमीवर होता, तो संपर्कात आला असे गृहीत धरायचे. दर काही वर्षांनी राष्ट्रीय अकादमीच्या तज्ज्ञांनी जगभरचे संशोधन वाचून प्रत्येक आजाराला श्रेणी द्यायची. पुरावा पुरेसा, मर्यादित, की अपुरा? मऊ ऊतींचा सार्कोमा आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा पहिल्याच, १९९४ च्या अहवालात ‘पुरेसा’ या श्रेणीत होते. उच्च रक्तदाब तिथवर पोहोचायला २०१८ उजाडले आणि त्यावरची नुकसानभरपाई २०२२ च्या कायद्याने मिळाली. पार्किन्सन्स आणि हृदयविकारही यादीत आहेत. मुलांमधल्या पाठीच्या कण्याच्या व्यंगाचा पुरावा मात्र आधी ‘मर्यादित’ मानला गेला आणि नंतर खालच्या श्रेणीत गेला. समितीने मत मागेही घेतले, म्हणून तिच्या यादीवर विश्वास ठेवावासा वाटतो.

सोलापूरच्या माजी सैनिकांना हे तत्त्व परके वाटणार नाही. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो पुढे जडून जवानाला त्यामुळे सेवा सोडावी लागली, तर तो सेवेमुळेच झाला असे मानावे, आणि तसे नसल्याचे सिद्ध करणे सरकारचे काम.

शेतमजुराला असे कोणतेही गृहीतक लागू नाही. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा संबंध उघड होता. सकाळी फवारले, संध्याकाळी दवाखान्यात. पंधरा-वीस वर्षांनी येणाऱ्या आजाराचा असा माग लागत नाही.

बार्शीने केलेले अर्धे काम

अशा तपासाला आजारी माणसांची पक्की मोजणी लागते, आणि ती करणारी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सोलापूर जिल्ह्यातच सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा लिहून घेऊ, ही शहरी पद्धत इथे चालणारी नव्हती. म्हणून कार्यकर्ते बार्शी, भूम आणि परंड्याच्या गावोगाव गेले, लक्षणे असलेल्यांना शोधले आणि समजावून तपासणीला आणले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल खेड्यापाड्यांत जागृती झाली ती यातून. याच रुग्णालयाच्या आधाराने शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सुमारे एक लाख तीस हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर वाचले गेले.

अमेरिकेकडे फवारणीची नोंद होती आणि रुग्ण विखुरलेले होते. आपल्याकडे रुग्णांची नोंद आहे, पण कुणी काय फवारले त्याचा पत्ता नाही.

ही उणीव २,४-डी च्या बाबतीत तर फारच नडते. हे रसायन डायऑक्सिनसारखे साठून राहत नाही, काही दिवसांत लघवीवाटे निघून जाते. वीस वर्षांनी रक्त तपासून काहीच हाती लागणार नाही. तेव्हा लिहून ठेवलेले असेल तेवढेच कामी येईल. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांत १९९३ पासून फवारणी करणारे शेतकरी, व्यावसायिक फवारणीवाले आणि शेतकऱ्यांचे जोडीदार मिळून सुमारे ८९ हजार जणांना विचारून, कोणते औषध किती वर्षे आणि कसे मारले हे नोंदवले गेले. मग राज्यांच्या कर्करोग नोंदणीशी ते जुळवत राहिले. हा अभ्यास आपल्या गरजेच्या सर्वांत जवळचा आहे.

द्राक्षबागेची वही

सोलापूरच्या शेतकऱ्याला तणनाशकाचा संपर्क ओळखता येत नाही असे नाही. शेजारच्या उसातून २,४-डी चा फवारा वाऱ्यावर आला, किंवा इस्टर प्रकारचे औषध उन्हात उडून आले, की द्राक्षाचे पान आखडून पंख्यासारखे होते. कासेगाव, नान्नजच्या बागायतदाराला ते लांबून कळते. तणनाशकाचा पंप बागेत आणायचा नाही, हा दंडक लहान मुलालाही पाठ असतो.

निर्यातीच्या बागेत तर ‘ग्रेपनेट’च्या नोंदणीमुळे प्रत्येक फवारणी लिहावीच लागते. तारीख, औषध, प्रमाण. युरोपात तो घड खाणाऱ्याच्या काळजीपोटी ही वही आली आणि आपल्या लोकांनी ती चोख ठेवली. तिच्यात पंप कुणाच्या पाठीवर होता, हे लिहिण्याचा आग्रह कुणी धरलेला नाही. उसाला तर अशी वहीच नाही. दुकानाच्या पावतीवर बाटली कुणी विकत घेतली ते असते, आणि फवारणारा बहुधा दुसराच कुणी, गुत्त्याने एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा मजूर. एका हंगामात तो जेवढे औषध अंगावर घेतो तेवढे बागायतदार कित्येक वर्षांत घेत नसेल.

जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. त्यांच्या शेती खात्यात प्रत्येक उसाच्या प्लॉटची लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र आधीच नोंदलेले असते. त्याच नोंदीत तणनाशकाचे नाव, तारीख, एकरी प्रमाण, हातमोजे-मास्क होते की नाही आणि फवारणाऱ्याचे नाव व गाव एवढे जोडले तर फवारणीची अशी नोंद उभी राहील, जी बार्शीच्या नोंदणीशी जुळवता येईल. नाव गुप्त ठेवण्याचे नियम आधी ठरवावे लागतील, नाहीतर मजूर खरे सांगणार नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या आणि तालुक्याच्या केसपेपरवर व्यवसायापुढे नुसते ‘शेती’ लिहिण्याऐवजी ‘फवारणी करता का, किती वर्षे, कोणते औषध’ हे विचारायला कुणाच्या मंजुरीची वाट पाहायला नको. ते डॉक्टर उद्याच्या ओपीडीत सुरू करू शकतात.