तयार खुराडे घेताना

बंगळूर शहरात घरामागील थोड्याशा मोकळ्या जागेत चार कोंबड्या बाळगण्याची हौस अनेकांना असते. पूर्वी सुताराकडून खुराडे करून घेत, किंवा रात्रीपुरते डालगे पालथे घालीत. आता रंगविलेले, जाळी ठोकलेले तयार खुराडे विकत मिळते आणि ‘सहा कोंबड्यांसाठी’ अशी चिठ्ठीही त्यावर असते. खरेदी करणाऱ्याने चिठ्ठीआधी मोजपट्टी पाहावी.

समजा, खुराड्याचा तळ ३ फूट लांब व २ फूट रुंद आहे. म्हणजे जागा ६ चौरस फूट झाली. दिवसभर आत राहणाऱ्या मोठ्या कोंबडीस निदान २ चौरस फूट जागा हवी. या हिशेबाने सहा नव्हे, तीनच कोंबड्या तेथे राहू शकतील. दुसरे माप बसण्याच्या दांडीचे. कोंबडीचा रानटी पूर्वज रात्री झाडाच्या फांदीवर झोपतो व ती सवय पाळीव पक्ष्यात टिकून आहे. प्रत्येकीस ८ इंच धरले, तरी ३ फुटांच्या दांडीवर चौघीच मावतात. बंगळूरच्याच कृषी विज्ञान विद्यापीठात निपजलेली ‘गिरिराज’ ही जात गावठी कोंबडीहून पुष्कळच वजनदार असते. तिला ८ इंचही अपुरे पडतात. लहान दारातून तिने अंग चोरून का जावे?

गर्दीचा खरा धोका उष्णतेचा. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. शरीराचे सुमारे ४१ अंश सेल्सियस तापमान राखण्यासाठी ती उन्हात चोच उघडून धापा टाकते. श्वासावाटे पाण्याची वाफ होते व अंग निवते. भोवतालची हवा कोंदलेली व दमट असेल तर हा उपाय लंगडा पडतो आणि पक्षी दगावतो. सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरची हवा सुखद म्हणून ख्यात आहे खरी, परंतु ही ख्याती खुराड्याच्या छपराला ठाऊक नसते. एप्रिलच्या २४ तारखेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य या शहराच्या थेट डोक्यावर येतो. त्या वेळी उघडा पत्रा तव्यासारखा तापतो. म्हणून पत्र्यावर गवताचा जाड थर द्यावा किंवा खुराडे झाडाखाली ठेवावे. त्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अरुंद बाजूंवर पडते.

उन्हानंतर ओल. एक कोंबडी दिवसाकाठी सुमारे १०० ग्रॅम विष्ठा टाकते व तिचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो. सहा कोंबड्यांची आठवड्याची विष्ठा चार किलोंहून अधिक भरेल, आणि त्यातील तीन किलो पाणी कोठे तरी गेलेच पाहिजे! हवा खेळती असेल तर ते उडून जाते. नसेल तर तूस भिजते, अमोनिया वायू सुटतो, डोळे चुरचुरतात आणि रक्ती हगवणीच्या जंतूंना हवी ती ऊब व ओल मिळते. बंगळुरात सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जोरात असतो. तेव्हा तळ जमिनीपासून उंच हवा, छपराच्या कडा भिंतीबाहेर आलेल्या हव्यात आणि वरच्या बाजूस जाळीची झरोके हवीत. बंद पेटीसारखे उबदार खुराडे थंड देशांतील चित्रांत शोभते.

जाळी अर्ध्या इंचाची, जोडलेल्या तारेची असावी. षट्कोनी बारीक तार कोंबडीला आत ठेवते, पण घूस व मुंगूस यांना बाहेर ठेवीत नाही. छपराचे दुसरेही एक काम आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये बंगळूरनजीक हेसरघट्टा येथील शासकीय कुक्कुट केंद्रात टर्की पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला व तेथील पक्षी नष्ट करावे लागले. रोगजंतू रानपक्ष्यांच्या विष्ठेतूनही पसरू शकतात. म्हणून दाणा-पाण्याचे भांडे कावळ्या-साळुंक्यांच्या बसण्याच्या जागेखाली असू नये.

शेवटी तळ काढून पाहावा. तो खणासारखा सरकत नसेल तर साफसफाई लांबणीवर पडते. आणि कोंबड्या आल्यावर पहाटे, दार उघडण्यापूर्वी, जाळीशी नाक नेऊन वास घ्यावा. अमोनियाचा उग्र दर्प आला, तर त्याच दिवशी एक फळी काढून तेथे जाळी ठोकावी.