खोडदच्या दुर्बिणीची अक्कल

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला लोक जातात ते ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या बघायला. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आकाशाचा हिशोब मात्र होतो मध्यवर्ती इमारतीत. चौदा अँटेना तिच्या आसपास, बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. प्रत्येकीचा संकेत ऑप्टिकल फायबरवरून इथे येतो. टोके साधी ठेवून अक्कल एका जागी ठेवायची, हेच तत्त्व लहान कार्यालयातल्या लिनक्स थिन क्लायंटचे. टेबलावरच्या डब्याला हार्ड डिस्क लागत नाही. बटण दाबले की त्याचे नेटवर्क कार्ड आधी पत्ता मागते, मग सर्व्हरवरून लिनक्सचा कर्नल उतरवून घेते आणि थोड्या वेळात लॉगिनचा पडदा येतो. प्रोग्राम चालतात सर्व्हरवरच. १९९९ पासून एलटीएसपी हा मुक्त प्रकल्प ही सोय फुकट देतो आहे.

खोडदचा पुरावा मला मोलाचा वाटतो, कारण तिथे ही कल्पना ताणून पाहिली गेली. अँटेनांचे संकेत जुळवायचे काम पूर्वी खास घडवलेल्या चिप करत. २०१० मध्ये शोधनिबंधातून मांडलेल्या नव्या यंत्रणेत त्यांची जागा बाजारात मिळणाऱ्या ४८ लिनक्स संगणकांनी घेतली. एकूण ६४ संकेतांची सोय, प्रत्येकाची बँडविड्थ सुमारे ३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चारशे कोटींहून जास्त नमुने. शिवाय तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, त्यामुळे कुठल्याही संगणकाला आपल्यापुरता माल घेऊन बसता येत नाही. सगळ्यांचे सगळ्यांकडे जावे लागते. म्हणून दुहेरी गिगाबिट जोडण्या आल्या. गणिताइतकाच भार तारेवर पडतो, आणि स्वस्तातला स्विच घेणाऱ्या कार्यालयांना नेमके हेच उशिरा कळते.

सर्व्हर बसला की सगळेच बसले, हा आक्षेप खरा आहे. पण दहा संगणकांवर दहा ठिकाणी पडलेली कागदपत्रे ज्यांचा बॅकअप कोणीच घेत नाही, ती सुरक्षित होती असे कोण म्हणेल? एकाच सर्व्हरला चांगला यूपीएस आणि जोडीची डिस्क देणे नारायणगाव-मंचरच्या एखाद्या पतसंस्थेला परवडते. खरी अडचण काउंटरवर आहे. हिशोबाचे टॅली विंडोजसाठी लिहिलेले. जुनी मराठी पत्रे युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली, तो फाँट नसेल तर उघडताच अक्षरांचा चिवडा. त्याहून हट्टी पासबुक प्रिंटर. तो जोडलेला डब्याला, छपाईचा मजकूर तयार होतो सर्व्हरवर, आणि एक ओळ सरकली की आजची नोंद मागच्या नोंदीवर उमटते. खातेदार ते मुकाट्याने घेत नाही, घेऊही नये. प्रिंटरसाठी लिनक्सचा ड्रायव्हर मिळालाच नाही, तर काउंटरवर एक विंडोज संगणक ठेवावा लागतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा अँटिव्हायरस, त्याचे अपडेट, त्याचा वेगळा बॅकअप.