डोळ्यांपुढे चिलटे फिरतात? दुखत नाही म्हणून थांबू नका

उन्हात बांधावर उभे राहून आभाळाकडे पाहिले किंवा पांढऱ्या भिंतीवर नजर टाकली, की काळे ठिपके, धागे, कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा डोळ्यांपुढे तरंगताना दिसतो. नजर फिरवली की तोही फिरतो. वळसंगच्या माझ्या दवाखान्यात पन्नाशी ओलांडलेले कितीतरी जण "डॉक्टरसाहेब, डोळ्यापुढं चिलटं फिरायलेत" ही तक्रार घेऊन येतात. कुणाला मोतीबिंदूची शंका असते, तर कुणाला डोळा जाण्याची धास्ती. वाचकहो, बहुतेकांच्या बाबतीत ही धास्ती निराधार असते. परंतु थोड्यांच्या बाबतीत ती खरी ठरते. हा फरक वेळीच ओळखता आला पाहिजे.

हे कशामुळे होते?

डोळ्याच्या पुढच्या भागात भिंग असते आणि मागे आतून अस्तरासारखा पातळ पडदा, म्हणजे दृष्टिपटल. या दोहोंमधली पोकळी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारख्या पारदर्शक पदार्थाने भरलेली असते. याला काचाभ द्रव म्हणतात. काचबिंदू हा विकार मात्र वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. हा द्रव सुमारे ४ मिलिलिटर भरतो. त्यात बहुतांशी पाणीच असते आणि अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळ्यामुळे त्याला घट्टपणा येतो.

घट्ट लागलेल्या दह्याला जसे हळूहळू पाणी सुटते, तसेच वयोमानाप्रमाणे या द्रवाचे होते. पाणी वेगळे होते, तंतू गोळा होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. आपल्याला दिसणारी चिलटे म्हणजे ही सावली! पुढे पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान हा आकसलेला द्रव पडद्यापासून सुटतो. केस पिकावेत तसा हा वयाचा भाग आहे. चष्म्याचा मोठा उणे नंबर असणाऱ्यांत, डोळ्याला मार लागलेल्यांत आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांत तो लवकरही घडतो.

धोका कोठे आहे?

भिंतीला चिकटवलेला कागद ओढून काढताना एखाद्या ठिकाणी रंगाचा पोपडाही निघून येतो. तसेच हा द्रव सुटताना कधी पडद्याला ओढ बसते आणि पडदा फाटतो. अशी लक्षणे अचानक सुरू झालेल्या साधारण दहा जणांमागे एकाला अशी चीर आढळते. भिंतीच्या भेगेतून पाणी मुरले की गिलावा फुगून सुटतो. त्याचप्रमाणे चिरेतून पाणी मागे जाऊन पडदा सुटू लागतो.

यात फसवी गोष्ट अशी, की डोळा मुळीच दुखत नाही. पडद्याला वेदना कळत नाही. ओढ बसली की तो फक्त उजेडाची जाणीव देतो, म्हणून अंधारात वीज चमकल्यासारखे दिसते. माझ्याकडे आलेल्या एका शेतकरी आजोबांना अशी वीज पंधरा दिवस दिसत होती. दुखत नव्हते, डोळा लाल नव्हता आणि दुसऱ्या डोळ्याने सारे नीट दिसत होते. "मोतीबिंदू आसंल, पिकल्यावर काढू," असे म्हणून ते थांबले. एका बाजूने पडदा ओढल्यागत काळोख आला तेव्हा घरचे त्यांना घेऊन आले. सोलापूरला पाठवून मोठी शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याला पूर्वीची नजर आली नाही. मोतीबिंदू थांबू शकतो. फाटलेला पडदा थांबत नाही.

उपचार काय?

नुसत्या जुन्या चिलटांना उपचार लागत नाही. काही महिन्यांत ती खाली बसतात किंवा मन त्यांची दखल घेणे सोडून देते. ती घालवणारे थेंब वा गोळ्या नाहीत. मध, कांद्याचा रस असले काही डोळ्यांत घालू नये. द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे, पण तिच्यात मोतीबिंदू होण्याचा व पडदा सुटण्याचा धोका असल्याने केवळ चिलटांसाठी ती क्वचितच करतात.

पडद्याला चीर असेल आणि पडदा अजून सुटला नसेल, तर लेझरने किंवा अतिथंड उपचाराने चिरेभोवतीचा भाग चिकटवून टाकतात. काम थोड्या वेळाचे असते, बहुधा रुग्णालयात राहावेही लागत नाही. पडदा सुटल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया लागते. एके काळी पडदा सुटला म्हणजे डोळा गेला, असेच मानत. चीर बुजवली तर पडदा पुन्हा बसतो, हे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉ. ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले. १९७० मध्ये अमेरिकेतील मायामी येथे डॉ. रॉबर्ट माखेमर यांनी बारीक छिद्रातून हा द्रव काढण्याची पद्धत सुरू केली. आज हे उपचार आपल्याकडेही होतात.

हे लक्षात ठेवा

१) एकाएकी नवी, पुष्कळ चिलटे किंवा काजळीसारखे ठिपके दिसू लागले; २) वीज चमकू लागली; ३) कडेने सावली किंवा पडदा आला; ४) नजर अचानक अंधुक झाली, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये. त्यांच्यात असे ठिपके रक्तस्रावाचेही असू शकतात.

तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच व्हायला हवी. नुसता चष्म्याचा नंबर काढून पडद्याची चीर कळत नाही. थेंबांनी काही तास अंधुक दिसते, म्हणून मोटारसायकल स्वतः चालवू नये, सोबत कोणाला तरी न्यावे. पडदा ठीक असला तरी महिना-दीड महिन्याने पुन्हा दाखवावे, कारण चीर नंतरही पडू शकते.

चाळिशीनंतर सर्वांनी एक सवय लावून घ्यावी. आठवड्यातून एकदा एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे, मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे उघडे असताना एकाचे दुखणे दुसरा झाकून नेतो. या तपासणीला पैसा लागत नाही, आणि वळसंगहून सोलापूर काही लांब नाही.