पेटीतला गणवेश

१ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापाशी निवृत्त सैनिक मानवंदना देतात, तेव्हा ऊर भरून येतो. पण बाजारातले लष्करी ठिपक्यांचे कपडे घातलेली पोरे दिसली की आम्हाला खटकते. १८९२ साली आपली लष्करभरती बंद झाली होती. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. असा मिळवलेला गणवेश हौसेचा कसा?

शिवाय सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तो घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मिरवणुकीत समता सैनिक दलाचा गणवेश शोभतो!

दिवंगत वडिलांची पदके मात्र जरूर लावा. सैनिकी रिवाजाप्रमाणे उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने ती कमावली त्याची. त्यांचा गणवेश पेटीतच राहू द्या, अधूनमधून सावलीत वारा द्या.